काळ्या खिडकीतला कारभार

बँका आणि विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरे ज्या सर्व्हरवर चालतात, त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचा मॉनिटर नसतो, की-बोर्ड नसतो आणि माऊसही नसतो. डेटा सेंटरमध्ये ही यंत्रे उंच रॅकमध्ये एकावर एक बसवलेली असतात. ती सांभाळणारा ॲडमिन बहुधा दुसऱ्याच गावात असतो. त्याच्यापुढे टर्मिनलची काळी खिडकी असते. तो तिच्यात एक ओळ टाइप करतो, एन्टर दाबतो आणि आलेले उत्तर वाचतो. या ओळीला कमांड म्हणतात.

पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 1969 साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम सुरू केले, तेव्हा पडद्याऐवजी टेलिटाइपच्या कागदावर उत्तरे छापून येत. प्रोग्रॅम लहान असावा आणि त्याने एकच काम चोख करावे, ही युनिक्सची शिस्त. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे 1973 मध्ये त्यात ‘पाइप’ आला आणि एका प्रोग्रॅमचे उत्तर थेट दुसऱ्याच्या हाती जाऊ लागले. या सोयीची खरी किंमत सर्व्हर अडखळतो तेव्हा कळते. लॉग ही सर्व्हरची रोजनिशी; तिच्यात लाखो ओळी असतात. ‘ग्रेप’ ही कमांड त्यातून बिघाडाच्या तेवढ्याच ओळी वेचते, पाइपमधून त्या पुढे जातात आणि कोणत्या तासाला किती बिघाड झाले याचा हिशेब समोर येतो. बटणांच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच करायचे तर ते बटण बनवणाऱ्याला आधी सुचलेले असावे लागते!

दूरच्या सर्व्हरवर जाण्यासाठी पूर्वी टेलनेट वापरत. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी सगळे संभाषण सांकेतिक करणारे ‘एसएसएच’ लिहिले. सर्व्हरवरच्या प्रत्येक सेवेच्या दाराला एक क्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट 21, टेलनेटचा 23. मधला 22 मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. एसएसएच आजही त्याच पोर्टवर चालते.

कमांड हा शेवटी मजकूरच असल्यामुळे ती जपून ठेवता येते, दुसऱ्याला तपासायला देता येते. अनेक कमांड एका फाइलीत लिहिल्या की स्क्रिप्ट तयार होते, आणि अॅन्सिबलसारखे साधन तेच काम शेकडो सर्व्हरवर एकदम करून टाकते. मात्र चूकही तितक्याच वेगाने पसरते. 28 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या एस-3 या साठवण सेवेत बिलिंगची यंत्रणा मंदावली होती. ठरलेल्या पद्धतीनुसार काही मोजके सर्व्हर बाजूला काढण्याची कमांड एका अधिकृत कर्मचाऱ्याने दिली. तिच्यातली एक नोंद चुकली आणि कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. सेवा पूर्ववत व्हायला चार तासांहून अधिक वेळ लागला आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे तोवर खोळंबली.

ॲमेझॉनने दोष टाइप करणाऱ्यावर ढकलला नाही, हे योग्यच झाले. दुरुस्ती साधनात झाली: ते आता सर्व्हर सावकाश काढते आणि किमान संख्येच्या खाली जाऊ देत नाही.