पथकराची कुळकथा

रस्ता ही वस्तु अशी आहे कीं, ती सर्वांची असते आणि म्हणूनच तिची चिंता कोणासच नसते. विहीर खचली तर तिचें पाणी भरणारीं चार घरें एकत्र येतात. देवळाची भिंत पडली तर गांव वर्गणी काढतें. परंतु रस्त्यास खड्डा पडला तर जो तो आपली गाडी कडेनें काढून पुढें निघून जातो. मग हा खड्डा भरावा कोणीं, आणि त्याचा पैसा द्यावा कोणीं? या प्रश्नाचें एक फार जुनें उत्तर म्हणजे पथकर. आज सर्वत्र ज्यास 'टोल' म्हणतात तो. जो वाट वापरील त्यानें वाटेचा खर्च सोसावा, हें त्याचें सूत्र. सूत्र सोपें आहे, पण त्याचें भाष्य अवघड आहे. तें भाष्य इंग्लंड देशानें सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ कसें अनुभविलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

परदेशची कथा सांगण्यापूर्वीं घरचा आधार देणें उचित होईल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत 'वर्तनी' नांवाच्या कराचा उल्लेख आहे. वर्तनी म्हणजे वाट, आणि वाटेवरून जाण्याबद्दलचा कर तोही वर्तनीच. सरहद्दीवरील अंतपाल नामक अधिकाऱ्यानें मालाच्या गाडीमागें सव्वा पण, घोड्यागाढवांसारख्या एकखुरी जनावरामागें एक पण, इतर पशूंमागें अर्धा पण, लहान पशूंमागें पाव पण आणि खांद्यावरील ओझ्यामागें एक माषक घ्यावा, असें तेथें सांगितलें आहे. ग्रंथकार एवढ्यावर थांबता तर त्यांत विशेष कांहीं नव्हतें. परंतु तो लागलीच म्हणतो कीं, वाटेंत प्रवाशाचें जें हरवेल किंवा चोरीस जाईल त्याची भरपाई याच अंतपालानें करावी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नावेच्या उताराचे दर आहेत. तेथेंही गर्भवती स्त्री, संन्यासी इत्यादिकांस उतार माफ असून, नावाड्यांच्या चुकीनें माल बिघडला तर त्यांनीं सर्वांनीं मिळून तो भरून द्यावा, असा दंडक घातला आहे. घेणाऱ्याच्या हातावर पैसा पडला कीं त्याच्या खांद्यावर जबाबदारीही पडते, हें आमच्या धर्मशास्त्रकारांनीं व अर्थशास्त्रकारांनीं गृहीतच धरिलें होतें. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर दगडाचा एक प्रचंड रांजण आहे. सातवाहनांच्या काळीं जकातीचा पैसा त्यांत टाकीत असत, अशी लोकांची समजूत आहे. पथकर हें कांहीं कालपरवांचें खूळ नव्हे, हें त्या रांजणापुढें उभें राहिलें म्हणजे सहज ध्यानांत येतें.

आतां इंग्लंडकडे वळूं. इ. स. १५५५ मध्यें तेथें असा कायदा झाला कीं, प्रत्येक गांवानें आपल्या हद्दींतील रस्ते आपण दुरुस्त करावे. त्यासाठीं गांवकऱ्यांनीं वर्षांतून चार दिवस बिनमजुरीनें खपावें; १५६३ मध्यें हे चार दिवस सहा झाले. आपल्याकडील वेठबिगारीचाच हा भाऊ म्हणावयाचा. गांवच्या गाड्या गांवांतच फिरत होत्या तोंवर ही व्यवस्था कशीबशी चालली. पण लंडन शहर वाढलें; त्यास धान्य व माल पुरविणाऱ्या अवजड गाड्या उत्तरेकडील मोठ्या रस्त्यावरून रात्रंदिवस धांवूं लागल्या; आणि रस्ता मोडावा लंडनच्या गाड्यांनीं व माती टाकावी हर्टफर्डशायरच्या शेतकऱ्यांनीं, असा प्रकार झाला. या अन्यायावर उपाय म्हणून १६६३ मध्यें पार्लमेंटानें हर्टफर्ड, केंब्रिज व हंटिंग्डन या तीन परगण्यांस, अकरा वर्षांपुरता, वाटसरूंपासून कर घेण्याचा अधिकार दिला. घोड्यामागें एक पेनी, प्रवासी बग्गीमागें सहा पेन्स, छकड्यामागें आठ पेन्स, मालाच्या मोठ्या गाडीमागें एक शिलिंग आणि मेंढरांच्या विसांस अर्धी पेनी, असे दर ठरले. (बारा पेन्सांचा एक शिलिंग, हें हिशेब जुळविणाऱ्या बालवाचकांसाठीं सांगून ठेवितों.)

या तीन परगण्यांत तीन नाके व्हावयाचे होते. वेड्समिल येथील नाका चालला. कॅक्स्टन येथील नाक्यास बगल देऊन लोक सुखेनैव जात, म्हणून तो निरुपयोगी ठरला. आणि स्टिल्टन येथील लोकांनीं तर नाका उभाच राहूं दिला नाहीं. म्हणजे भरणारे, चुकविणारे आणि विरोध करणारे, हे पथकराचे तीन सोबती पहिल्याच वर्षापासून त्याच्याबरोबर आहेत! या नाक्यांस 'टर्नपाइक' म्हणत. पाइक म्हणजे भाला. वाट अडविण्याकरितां भाल्यासारख्या टोंकदार दांड्यांचा फिरता अडसर लावीत, त्यावरून हें नांव पडलें. व पुढें साधें फाटक आलें तरी नांव तेंच राहिलें.

अठराव्या शतकाच्या आरंभापासून या व्यवस्थेस निराळें वळण लागलें. सरकारी न्यायाधिकाऱ्यांऐवजीं त्या त्या भागांतील जमीनदार, व्यापारी व पाद्री यांचीं विश्वस्त मंडळें पार्लमेंटाच्या स्वतंत्र कायद्यानें स्थापन होऊं लागलीं. प्रत्येक मंडळास बहुधा एकवीस वर्षांची मुदत व ठराविक मैलांचा रस्ता मिळे. मंडळानें नाक्यांच्या भावी उत्पन्नाच्या तारणावर कर्ज काढावें, त्या कर्जांतून रस्ता सुधारावा, नाका बसवावा, आणि जमलेल्या पैशांतून व्याज, मुद्दल व दुरुस्ती भागवावी. कर्ज फिटलें म्हणजे नाका उठवावा व रस्ता मोकळा करावा, अशी मूळ कल्पना. १८३० नंतरच्या दशकांत अशीं अकराशेंहून अधिक मंडळें, वीस हजार मैलांहून अधिक रस्ते आणि सुमारें आठ हजार नाके त्या देशांत होते. पायीं जाणारास कर नसे. रविवारीं प्रार्थनेस जाणारे, प्रेतयात्रा, शेताला खत नेणाऱ्या गाड्या व सरकारी सैन्य यांस सामान्यतः माफी असे. १७८४ मध्यें टपालाच्या घोडागाड्या सुरू झाल्या, त्यांसही लवकरच माफी मिळाली. रखवालदारानें दुरून शिंग फुंकावें आणि नाकेवाल्यानें धांवत येऊन फाटक उघडावें, असा शिरस्ता पडला.

या व्यवस्थेनें इंग्लंडचें कल्याण झालें नाहीं असें कोणीही म्हणूं नये. १७५४ मध्यें मँचेस्टरहून लंडनला साडेचार दिवसांत पोंचविण्याची हमी देणारी गाडी हा एक चमत्कार गणला गेला. पुढें ऐंशी वर्षांच्या आंत तोच प्रवास एका दिवसाहून कमी वेळांत होऊं लागला. रस्ते बांधण्याची विद्या याच नाक्यांच्या पैशावर वाढली. लहानपणीं देवीच्या रोगानें दृष्टि गेलेल्या जॉन मेटकाफ या यॉर्कशायरच्या गृहस्थानें काठीनें भूमि चांचपून सुमारें एकशें ऐंशी मैल रस्ते बांधले. थॉमस टेलफर्डनें लंडनहून होलीहेडकडे जाणारा मार्ग सिद्ध केला व त्यासाठीं मेनाय सामुद्रधुनीवर १८२६ मध्यें झुलता पूल टाकला. जॉन मॅकॅडम हा १८१६ मध्यें ब्रिस्टल येथील मंडळाचा रस्तेतपासनीस झाला. खालची जमीन कोरडी ठेवावी, बारीक फोडलेल्या सारख्या आकाराच्या दगडांचा थर द्यावा, त्यांत माती मिसळूं नये, म्हणजे रहदारीनेंच तो थर घट्ट बसतो, हें त्यानें दाखवून दिलें. आपल्याकडे ज्यास खडीचा रस्ता म्हणतात, त्याचा जनक हाच.

एवढें सर्व असतां ही व्यवस्था बिघडली कशानें? आमच्या मतें तिचें मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट कर्ज. मुदत संपावयास येई तों मुद्दल तसेंच उभें. म्हणून मंडळानें पार्लमेंटाकडे जावें व मुदत वाढवून आणावी. असें करतां करतां कित्येक नाके तीन तीन पिढ्या उभे राहिले, आणि रस्त्यासाठीं कर्ज काढलें होतें हें विसरून कर्जासाठीं रस्ता आहे अशी स्थिति झाली. दुसरी गोष्ट मक्ता. मंडळांनीं नाके स्वतः न चालवितां लिलावानें मक्तेदारांस देण्यास आरंभ केला. मक्तेदारानें ठरलेली रक्कम मंडळास द्यावी व वर जें सुटेल तें आपण ठेवावें. अशा मनुष्यास खड्ड्याशीं काय कर्तव्य? त्याचें लक्ष फाटकावर.

लोक चिडले, आणि वेळोवेळीं चिडले. १७२७ मध्यें व पुन्हां १७४९ मध्यें ब्रिस्टलच्या आसपास नाके पाडले गेले. १७३५ मध्यें लेडबरी येथें दंगा झाला, व त्याच वर्षीं नाका पाडणें हा देहान्त शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरला. तथापि सर्वांत मोठा उद्रेक झाला तो वेल्स प्रांताच्या नैर्ऋत्य भागांत. तेथील जमीन आम्ल. तिला चुना दिल्याशिवाय पीक नाहीं. तो चुना शेतकऱ्यानें दूरच्या भट्टीवरून आपल्या गाडींत घालून आणावयाचा. वाटेंत एका मंडळाची हद्द संपून दुसऱ्याची लागली कीं पुन्हां पैसे. शेतकरी आडवाटेनें जाऊं लागले, तेव्हां थॉमस बुलिन नांवाच्या मक्तेदारानें आडवाटांवरही नाके बसविले. भट्टीवरील चुन्याच्या किंमतीपेक्षां नाक्यांवरील खर्च अधिक येतो, अशी ओरड झाली. त्यांत पावसानें पिकें बुडालेलीं. अखेर १३ मे १८३९ च्या रात्रीं एफाइलवेन येथील नवा नाका जमावानें फोडून टाकला. पुरुषांनीं तोंडास काळें फांसून बायकांचे पोषाख केले होते, व त्यांच्या म्होरक्यास 'रिबेका' म्हणत. बायबलांत रिबेकेस असा आशीर्वाद आहे कीं, तुझी संतति आपल्या वैऱ्यांचीं द्वारें हस्तगत करील. त्यावरून हें नांव. तीन वर्षें शांत राहून ही चळवळ १८४२ च्या हिवाळ्यांत पुन्हां पेटली, आणि पुढील वर्षभर रिबेका व तिच्या लेकी रात्रीमागून रात्री नाके पाडीत सुटल्या. लंडनच्या टाइम्स पत्रानें खास बातमीदार पाठवून शेतकऱ्यांचीं गाऱ्हाणीं छापलीं, व सुशिक्षितांची सहानुभूति त्यांजकडे वळली.

येथपर्यंत वाचकांचें मनही रिबेकेच्या बाजूनें झालें असेल. आमचेंही झालें होतें. परंतु पुढील हकीकत ऐकावी. सप्टेंबर १८४३ मध्यें हेंडी येथील नाक्यावर सारा विल्यम्स नांवाची पंचाहत्तर वर्षांची म्हातारी रखवालीस होती. जमावानें रात्रीं येऊन नाक्याच्या घरास आग लावली. आग विझविण्यास मदत मागावी म्हणून ती शेजारच्या घरीं गेली; शेजारी भयानें बाहेर पडेना. आपलें किडुकमिडुक वांचवावें म्हणून ती परत फिरली, तोंच तिजवर गोळी झाडण्यांत आली. वैद्यांनीं तिच्या फुप्फुसांत छरे सांपडल्याची साक्ष दिली. तथापि पंचांनीं निकाल दिला तो असा कीं, छातींत रक्त सांचून मृत्यु आला, परंतु तें कशानें सांचलें हें आम्हांस ठाऊक नाहीं! ज्या मंडळानें कर्ज काढलें, ज्यानें मक्ता घेतला, ज्यांनीं व्याज खाल्लें, त्यांच्या केसासही धक्का लागला नाहीं. प्राण गेला तो फाटकावरील म्हातारीचा. आणि पंचांच्या त्या निकालानें, न्याय मागणारे लोकही अन्यायाच्या पंक्तीला जाऊन बसले.

त्याच वर्षीं सरकारनें चौकशीमंडळ नेमलें. गाऱ्हाणीं पुष्कळ अंशीं खरीं आहेत असें त्यास आढळलें, व १८४४ च्या कायद्यानें दक्षिण वेल्समधील विस्कळित मंडळें मोडून परगण्यावार एक एक रस्तेमंडळ करण्यांत आलें आणि चुन्यावरील कर निम्मा झाला. हिशेब उघड्यावर येतांच जें साधलें, तें इतक्या रात्रींच्या जाळपोळीनें साधलें नव्हतें. पण ती जाळपोळ झाली नसती तर हिशेब कोणी उघडला असता कीं नाहीं, हाही प्रश्न उरतोच. इतिहास असा दोन्हीकडून बोलतो.

टर्नपाइकांस शेवटीं मारलें तें आगगाडीनें. १८३० मध्यें लिव्हरपूल व मँचेस्टर यांमधील लोहमार्ग उघडला, आणि पुढील वीस वर्षांत लांबच्या प्रवासाच्या घोडागाड्या एकामागून एक बंद पडल्या. नाक्यांचें उत्पन्न आटलें. १८८८ च्या कायद्यानें मुख्य रस्ते परगण्यांच्या लोकनियुक्त मंडळांकडे गेले, आणि १ नोव्हेंबर १८९५ रोजीं होलीहेडच्या रस्त्यावरील अँग्लसी बेटांतला अखेरचा टर्नपाइक उठला.

व्यवस्था गेली, पण सूत्र गेलें नाहीं. मोटारीच्या युगांत तें पुन्हां अवतरलें, व आपल्या महाराष्ट्रांतही आलें. कर्ज काढून रस्ता बांधावा, मुदतीपर्यंत टोल घ्यावा, वसुली कंत्राटदाराकडे द्यावी, ही रीत वाचकांस आतां ओळखीची वाटेल. कोल्हापुरास २०१३ मध्यें शहरांतील रस्त्यांवर टोल सुरू झाला. जानेवारी २०१४ मध्यें लोकांनीं नाके जाळले. आणि दीर्घ आंदोलनानंतर २०१५ च्या अखेरीस तो टोल रद्द झाला. मुंबईच्या पांच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्यें माफ करण्यांत आला. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅगची सक्ति झाली, त्यामुळें पैसे आपोआप वळते होतात व खोळंबा कमी होतो, ही सोय खरीच. पण पैसा हातानें मोजून देतांना मनुष्याच्या मनांत जो प्रश्न उभा राहत असे, तो आतां उभा राहण्यापूर्वींच गाडी नाक्यापलीकडे गेलेली असते, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे.

तो प्रश्न असा: या रस्त्याचें मूळ कर्ज किती, फिटलें किती, मुदत केव्हां संपते, आणि दुरुस्तीचा भार कोणावर? हा हिशेब विचारणें हा नागरिकाचा हक्कच नव्हे, तर धर्म आहे. आणि तो विचारावयाचा ज्यांनीं करार केला त्यांस, खिडकींत बसलेल्या पगारी मुलास नव्हे. सहकुटुंब प्रवासास निघालें असतां नाक्यावर त्या मुलाशीं हुज्जत घालून घरांतील लहानांपुढें शौर्य दाखविण्यापेक्षां, घरीं आल्यावर संबंधित खात्यास एक सविस्तर पत्र लिहावें, व तें मुलांकडूनच लिहवून घ्यावें. अंतपालानें वर्तनी घ्यावी, पण हरवलेलें भरूनही द्यावें. या वचनाचा उत्तरार्ध जोंवर आपण विसरत नाहीं, तोंवर पूर्वार्ध भरतांना हात आंखडण्याचें कारण नाहीं.