थकलेलं हृदय (भाग ६) : तीन तारांचा पेसमेकर

गेल्या आठवड्यात हार्ट फेल्युअरच्या चार मुख्य औषधांची ओळख झाली. ती नेमाने, झेपेल तितक्या पूर्ण मात्रेत निदान तीन महिने घेऊनही काही पेशंटचा दम कमी होत नाही. नागपुरात सक्करदरा चौकातून बुधवार बाजारापर्यंत जायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागतं, रात्री उशीवर उशी घेतल्याशिवाय पडवत नाही. इकोच्या रिपोर्टवर ईएफ, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा त्यातल्या रक्ताचा जितका वाटा बाहेर टाकतो त्याची टक्केवारी, ३५ टक्के किंवा त्याहून कमी असते. निरोगी हृदयात ती साठच्या आसपास. घरचे म्हणतात, पंपिंगच कमी झालंय, आता काय होणार? माझं म्हणणं आहे, हात टेकण्याआधी फाइलमधला ईसीजी काढा.

गुलाबी चौकटींची ती पट्टी उजेडात धरा. पट्टी नेहमीच्या वेगाने, सेकंदाला २५ मिलिमीटर सरकलेली असेल तर एक लहान चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. त्यातला उंच टोकाचा भाग म्हणजे क्यूआरएस. तो तीन लहान चौकटींच्या आत, १२० मिलिसेकंदांच्या आत संपायला हवा. काहींच्या पट्टीवर तो चार चौकटींपर्यंत पसरलेला दिसतो. मशीन हा आकडा बहुधा वरच छापतं, शेजारी ‘एलबीबीबी’ अशी अक्षरंही असतात. घरी मात्र तिकडे कुणी पाहत नाही.

एलबीबीबी म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला वीज नेणाऱ्या फांदीत अडथळा. मग वीज उजवीकडून स्नायूतून रेंगाळत डावीकडे पोचते. मधला पडदा आधी आवळतो, बाहेरची भिंत मागाहून. भिंत आवळेपर्यंत पडदा सैल पडू लागलेला असतो, त्यामुळे महाधमनीकडे जायचं रक्त आतल्या आत सरकतं. मायट्रल झडपही नीट मिटत नाही, गळू लागते. आधीच दुबळ्या स्नायूची मेहनत अशी वाया जाते. गोळ्यांनी स्नायूला आधार मिळतो, पण ही चुकलेली वेळ गोळीने दुरुस्त होत नाही.

ती दुरुस्त करणारा उपचार म्हणजे सीआरटी. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, तेवढीच जागा बधिर करून, पेसमेकर बसवतात. एक तार वरच्या उजव्या कप्प्यात, दुसरी खालच्या उजव्या कप्प्यात. खरं कसब तिसरीचं. हृदयाचं स्वतःचं अशुद्ध रक्त गोळा करणारी एक शीर मागच्या बाजूने जाते. तिच्या तोंडातून शिरून, डाय सोडून फाटे पाहून, डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर तार पोचवायची. फाटा बारीक निघाला तर तार टिकत नाही. छातीतल्या नसेजवळ गेली तर प्रत्येक ठोक्याला पोटाचा पडदा उडतो, उचकी लागल्यासारखा. मग जागा बदलायची. सगळं जमलं की दोन्ही भिंती जवळजवळ एकाच वेळी आवळतात.

फ्रान्समध्ये सर्ज काझो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. २००५ मध्ये युरोपातल्या ८१३ पेशंटचा केअर-एचएफ हा अभ्यास आला. सरासरी अडीच वर्षांत नुसत्या औषधांवरचे ३० टक्के दगावले, औषधांबरोबर यंत्र लावलेले २० टक्के.

तरीही हे यंत्र सरसकट लावायचं नाही, हे मी ठासून सांगेन. लावलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांशांना अपेक्षित फरक जाणवत नाही. एलबीबीबी आहे आणि क्यूआरएस १५० किंवा जास्त आहे, त्यांना सर्वाधिक लाभ. क्यूआरएस १३० पेक्षा कमी असलेल्यांवरचा अभ्यास २०१३ मध्ये मध्येच थांबवावा लागला. लाभ दिसेना आणि यंत्र चालू असलेल्या गटात मृत्यू वाढले होते. म्हणून ‘पंपिंग कमी’ एवढ्यावर कुणी लाखोंचं यंत्र सुचवलं, तर क्यूआरएस किती, हे आधी विचारा.

खर्च हा आपल्याकडचा मोठा अडसर. इथे डॉ. प्रमोद देशमुख यांचं नाव घ्यायलाच हवं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सेअर गावी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तार थेट हिस बंडलवर, म्हणजे विजेच्या मूळ वाटेवरच, कायमची बसवून दाखवली. तो अहवाल २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पेशंटच्या फांद्या शाबूत होत्या. २०१७ मध्ये चीनमधल्या वेंझोऊच्या डॉ. हुआंग यांनी पुढची पायरी गाठली: मधल्या पडद्यात तार खोल फिरवत नेऊन, अडथळ्याच्या पलीकडे डावी फांदीच गाठली. बऱ्याचदा हे साध्या पेसमेकरवर भागतं, त्यामुळे खर्च बराच उतरतो. मोठे तुलनात्मक अभ्यास पूर्ण व्हायचे आहेत, पण ज्याला तीन तारांचं यंत्र परवडत नाही किंवा ज्याच्या शिरेत तार टिकत नाही, त्याने ही वाट डॉक्टरांना जरूर विचारावी.

सक्करदऱ्याहून तुकडोजी पुतळ्याजवळचं ‘सुपर’, म्हणजे सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, लांब नाही. ओपीडीला जाताना इकोबरोबर जुना-नवा ईसीजीही न्या. क्यूआरएस वर्षागणिक रुंदावत गेला असेल, तर दोन पट्ट्या शेजारी ठेवल्यावरच ते दिसतं.

शॉक देणारं यंत्र सोबत हवं की नको, ते पुढच्या आठवड्यात.