जीपची मागची पायरी

लेण्याद्रीचा गिरिजात्मज डोंगराच्या पोटात, कोरीव लेण्यात बसला आहे. गाडी कितीही दमाची असो, ती पायथ्यालाच थांबते. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या; त्या आपल्या पायांनी चढायच्या, नाहीतर डोलीवाल्यांच्या खांद्यावरून. जुन्नरपासून या पायथ्यापर्यंतचे पाचेक किलोमीटर आमच्या पिढीने बहुतेक वेळा जीपच्या मागच्या बाकावर काढले. गुडघ्याला गुडघे भिडलेले, मांडीवर नारळाची पिशवी.

ही गाडी मुळात लढाईची. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना तयार केला आणि पुढे विलीज व फोर्डने महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. वजन टनभर, लांबी जेमतेम अकरा फूट. चिखलात रुतली तर चार-सहा जवानांनी ढकलून काढावी, अशी.

युद्ध संपलं आणि ज्याने त्याने ती आपल्या गरजेला जुंपली. फिलिपिन्समध्ये मागे राहिलेल्या जीपना लांब बाक आणि छत लावून लोकांनी जीपनी केली, तीच तिथली सार्वजनिक बस झाली. ब्रिटनमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर अशीच एक जुनी जीप राबत होती. तिच्यावरून 1948 ला लँड रोव्हर आली. जपानमध्ये मित्सुबिशीने परवाना घेऊन 1953 पासून 1998 पर्यंत जीप बनवली. आपल्या सैन्यासाठी जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या ‘पॅट्रोल’ नावाच्या गाडीवरून जोंगा तयार झाली. ती अंगाने मोठी आणि जोरकस.

आपली, म्हणजे गावची जीप मुंबईहून आली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग आणून माझगावात जोडायला सुरुवात केली, मग हळूहळू एकेक भाग इथेच घडू लागला. तिचं उंच बॉनेट आठवतं? त्यामागे इंजिनाचं कारण आहे. विलीजने 1953 ला नव्या मॉडेलमध्ये जे इंजिन बसवलं, त्याच्या आत हवा घेणाऱ्या झडपा डोक्यावर होत्या. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेने हे मॉडेल 1968 ला बंद केलं. आपल्याकडे तो चेहरा त्यानंतरही कित्येक दशकं रस्त्यावर राहिला.

पण माझ्या मते खरा बदल झाला तो मागच्या अंगाला. आधी पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन आलं, कारण भाड्याच्या गाडीला पेट्रोल परवडत नाही. मग महिंद्राच्या कमांडरसारख्या मॉडेलमध्ये सांगाडा लांबला, समोरासमोर बाक आले. पुष्कळ गाड्यांतून तर पुढच्या चाकांना ताकद देणारी यंत्रणाच वगळली, म्हणजे लढाईच्या जीपचा जीवच काढून घेतला. शौकीन लोकांना याचं वाईट वाटतं. मला वाटत नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या वाड्यांना त्या यंत्रणेपेक्षा दोन जास्त माणसं बसण्याची जागा मोलाची होती. एसटीची फेरी चुकली की बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला जायला जीपच. परतीला टपावर हिरड्याची पोती, आत शीटं. ‘अजून एक शीट बसंल,’ हे वाक्य तेव्हा रोज कानावर पडायचं. फाळक्यावर लोंबकळत जाणं जिवावर बेतणारं होतं आणि त्यात काही जण गेलेही. हे विसरून त्या दिवसांचं कौतुक करता येणार नाही.

त्या गाड्यांची एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. मागे, फाळक्याखाली, जाड पट्टी वाकवून वेल्डिंग केलेली पायरी. वर उंचवटे असलेल्या चेकर्ड पत्र्याचा तुकडा, पाय घसरू नये म्हणून. मधला भाग झिजून चकचकीत, कडांना गंज. सैनिक उडी मारून उतरतो, त्याला पायरी लागत नाही. ही कुणा गॅरेजवाल्याने नऊवारी नेसलेल्या बायकांसाठी लावली होती.

लेण्याद्रीला गाडी थांबली की म्हाताऱ्या एका हाताने हुडाची नळी धरायच्या, दुसऱ्याने ओचा सावरायच्या आणि पाठमोऱ्या उतरत त्या पायरीवर क्षणभर थांबायच्या. मागून कुणीतरी हात द्यायचा. जमिनीला पाय लागले की आधी गाडीला हात लावून कपाळाला टेकवायच्या, मग मान वर करून डोंगराकडे बघायच्या.