जंतरातून निघालेला हिशेब

राणीछाप चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. तो वितळवून कांब ओतली आणि ओढत ओढत एक मिलिमीटर जाडीपर्यंत आणली, तर जवळपास 1.44 मीटर तार होते. तीच आणखी ओढून अर्ध्या मिलिमीटरवर नेली, तर पावणेसहा मीटर. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट होते. सोनाराला हे गणित शाळेत शिकावे लागले नाही, त्याच्या जंतराने शिकवले.

जंतर म्हणजे पोलादाची एक पट्टी आणि तिच्यात ओळीने पाडलेली भोके. प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा किंचित बारीक, एका बाजूने रुंद, दुसऱ्या बाजूने निमुळते. तारेचे टोक कानशीने टोकदार करून रुंद बाजूने घालायचे, पलीकडून सांडशीत धरायचे आणि ओढायचे. धातू कापला जात नाही, फक्त ताणला जातो. दोन-चार भोके झाली की तार ताठ होते, मग ती तावून मऊ करायची आणि पुन्हा ओढायची. वजन तेच राहते, लांबी वाढत जाते.

तारेच्या गेजचा उलटा क्रमही याच पट्टीतून आला असे सांगतात. जितकी भोके ओलांडली तितका आकडा मोठा, तितकी तार बारीक. आपल्याकडे ब्रिटिश गेज रुळले, त्यात 20 नंबर म्हणजे 0.914 मिलिमीटर. अमेरिकेतला 20 नंबर मात्र 0.812 मिलिमीटरचा. फरक नखाएवढाही नाही, पण तांब्याच्या किलोत पहिली तार 170 मीटर भरते, दुसरी 215. परदेशी नमुना बघून तार मागवणाऱ्याची फसगत इथेच होते.

जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांवर तारेच्या लांबीचा हा हिशेब तारपा नाचाच्या नक्षीत समोर येतो. मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफून उलगडत जाणारी माणसांची वेटोळी रांग. वारली चित्रात हा नाच भिंतीवर होताच. आता तो कानातल्यांवर, गळ्यातल्या पदकांवरही येतो. समजा, बचत गटातल्या एखाद्या ताईने त्याचे दोन सेंटिमीटर रुंदीचे तारेचे पदक करायचे ठरवले. तार किती लागेल?

बहुतेक जण रुंदी बघून बोटभर-वीतभर असा अंदाज करतात आणि तो कमी पडतो. 20 नंबरची तार अंगाला अंग लावून गुंडाळली तर 34 सेंटिमीटर लागते, दीड वीत. हिशेब सोपा आहे: वर्तुळाचे क्षेत्रफळ काढायचे आणि त्याला तारेच्या जाडीने भागायचे. तार त्या वर्तुळावर सतरंजीसारखी पसरलेली असते, इतकेच. वेढ्यांमध्ये दोन मिलिमीटरची फट ठेवली तर तेच पदक 11 सेंटिमीटरच्या आत बसते, आणि माझ्या मते दिसतेही जास्त देखणे. नाचातही माणसे एकमेकांच्या अंगावर पडलेली नसतात. रुंदी दुप्पट केली तर तार मात्र चौपट. मोठ्या पदकाचा भाव लहानाच्या दुप्पट सांगणारी बाई तारेतच तोटा खाते.

स्प्रिंगसारखे वेढे त्याहून खादाड. दोन मिलिमीटरच्या सळईवर 24 नंबरची तार गुंडाळली, तर एक सेंटिमीटर वेढ्यात 14 सेंटिमीटर तार जाते. कड्यांचे तसे नाही. पाच मिलिमीटर पोटाच्या शंभर कड्यांना 20 नंबरची तार दोन मीटरच्या आत पुरते. वर दहावा हिस्सा घट धरावी, कारण पहिले दोन-तीन नग बिघडतातच. पितळेची, तांब्याची कात्रणे फेकू नयेत, ती मोडीत जातात.

आता पैसे. तार विकली जाते वजनावर आणि दागिना बनतो लांबीवर, म्हणून एकदा मीटरचे ग्रॅम करून ठेवावे लागतात. 20 नंबरचे तांबे मीटरला 5.9 ग्रॅम. आपले दाट पदक, वर अडकवायच्या कडीसाठी तीन सेंटिमीटर, मिळून 2.2 ग्रॅम. सोयीसाठी तार 1,200 रुपये किलो धरली तर पदकाची तार झाली 2 रुपये 64 पैशांची. छोट्या रिळावरची रंगीत तार याहून कितीतरी महाग पडते, तिला दरही लांबीवरच लावावा.

आणि घडणावळ? 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी 312 रुपये होती. आठ तासांनी भागली तर वीस मिनिटांचे 13 रुपये होतात. पदक वीस मिनिटांत होत असेल, तर तारेच्या पाचपट हाताचे. दिवाळीनंतर या तालुक्यांतली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तिथे हजार विटांचा दर ठरवून घेतात. घरी बसून केलेल्या पदकाचे मात्र ‘तार एवढ्याची, म्हणून एवढेच’ असे सांगून मोकळी होतात. सोनार असे कधी करत नाही. त्याच्या पावतीवर धातू वेगळा, घडणावळ वेगळी.

सूत्र पाठ नसले तरी अडत नाही. एक नमुना गुंडाळायचा, पसंत पडला की उलगडून सरळ करायचा आणि बांबूच्या कामटीला लावून तिथे खाच पाडायची. तारप्याची एक कामटी, कड्यांची दुसरी. पुढच्या वेळी रिळावरून तार ओढताना ती कामटी शेजारी ठेवायची, खाचेवर पक्कड लावायची आणि तोडायची.