चावी सरळ होती

बहरीनमधल्या सलमाबादच्या गॅरेजमध्ये ‘ट्रॅक्टरचा बॅरल जाम झालाय’ असा निरोप येतो, तेव्हा निदान निम्म्या वेळा बॅरल, म्हणजे चावी जिच्यात फिरते ती नळी, जाम झालेलाच नसतो. पार्ट्सच्या काउंटरवर इतकी वर्षं काढल्यावर हे मी खात्रीनं सांगू शकतो. ड्रायव्हरला फक्त चावी फिरत नाही एवढं कळतं. चावीच्या मागे मात्र एक पोलादी खुंटी स्टीअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत बसलेली असते. गाडी चाकं वळवून उभी केली असेल, तर पिळलेले टायर सरळ व्हायला बघतात आणि तो सगळा ताण त्या खुंटीवर येतो. अशा वेळी एका हातानं स्टीअरिंग ताणाच्या उलट दिशेला रेटून धरायचं आणि दुसऱ्या हातानं चावी हलकेच फिरवायची. खुंटी सुटते. पण घाईतला माणूस पक्कड काढतो आणि मग जे मोडायला नको ते मोडतं.

शेतातल्या ट्रॅक्टरची चावी बहुधा डॅशबोर्डवर असते, तिथे स्टीअरिंग अडत नाही. इथे बहरीनमध्ये आमच्याकडे येणारा ट्रॅक्टर म्हणजे ट्रेलर ओढणारं डोकं. कोणी हिद्दच्या खलिफा बिन सलमान बंदरातून कंटेनर उचलतं, कोणी सौदीहून किंग फहद कॉजवेवरून भाजीपाला आणतं. १९८६ साली सुरू झालेला हा पंचवीस किलोमीटरचा पूल म्हणजे बाहेरून देशात यायचा एकमेव गाडीरस्ता. त्यामुळे एक डोकं अडलं की एक फेरी बुडते, आणि फेरी बुडली की कोणाच्या तरी पगारावर बोट ठेवलं जातं.

तसं बोट ठेवलं गेलेल्या एका माणसाची गोष्ट मला सांगायची आहे. खेडकडचे एक चाचा. बहरीनच्या रस्त्यांवर त्यांचं आयुष्य गेलेलं. सितऱ्यात फ्रीजचा ट्रेलर लावून ते जेवायला गेले. परत आले तर चावी आत जात होती, पण फिरत नव्हती. जुलै महिना, दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला सरकारी बंदी. चार वाजता आम्ही पोचलो तोवर कंपनीच्या ऑफिसातून निर्णय येऊन बसला होता: ड्रायव्हरनं जोर लावून कुलूप बिघडवलं, खर्च त्याच्या पगारातून.

माल मात्र सुखरूप होता. फ्रीजला स्वतःचं वेगळं डिझेल इंजिन असतं, ते घरघरत होतं. अडचण डोक्याची होती. टाकीतली हवा उतरलेली, आणि इंजिन चालू होऊन हवा भरल्याशिवाय मागचे ब्रेक सुटत नाहीत. वरून स्टीअरिंग वळलेल्या अवस्थेत अडकलेलं. ओढून न्यायचीही सोय नाही.

आमचे उस्ताद सियालकोटचे, इलेक्ट्रिकचं काम करणारे. त्यांनी आधी गाडीचे कागद आणि चाचांचं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, मागितलं. ओळखीचा माणूस असला तरी हे बघितल्याशिवाय ते कुलपाला हात लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग स्टीअरिंग रेटून पाहिलं. ताण सुटला, पण चावी तशीच. म्हणजे या वेळी दोष खरोखर बॅरलमध्येच होता.

बॅरल काढणं हे काम तसं सोपं असतं, फक्त चावी पहिल्या खटक्यापर्यंत फिरली पाहिजे. तिथे आल्यावर बाजूच्या बारीक भोकातून आतली पिन दाबता येते आणि अख्खा बॅरल हातात येतो. चावी फिरतच नसेल तर पिन भोकासमोर येत नाही. बाहेरची बॉडी काढावी, तर तिचे बोल्ट चोराला सुटू नयेत म्हणून बसवतानाच डोकी तुटणारे असतात. छिन्नीनं कडेला ठोके देत ते फिरवावे लागतात. उस्तादांनी तो मार्ग टाळला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. बॅरलभोवती चावीतली चिप वाचणारी कडी असते, ती अलगद सोडवून बाजूला ठेवली. ती तुटली तर नवीन बॅरल बसवूनही इंजिन चालू होत नाही. मग बारीक ड्रिलवर टेप गुंडाळून खोलीची खूण केली, कारण मागे विजेचा स्विच फिरवणारी पट्टी असते, तिला धक्का लागता कामा नये. चावीच्या फटीतून ते एकेक पितळी पट्टी तोडत गेले. चुंबक पितळेला धरत नाही, म्हणून दर वेळी हवा मारून चुरा बाहेर काढायचा. नंतर जाड ड्रिल, आणि शेवटी स्क्रूड्रायव्हरनं हळूच फिरवून पिन दाबली.

बॅरल बाहेर आला तेव्हा मागच्या दोन पट्ट्या शाबूत होत्या. त्या काळ्या चिखलात रुतल्या होत्या. कुलूप अडखळतं म्हणून कोणीतरी वेळोवेळी तेल सोडलेलं, त्यात इथली पिठासारखी धूळ बसलेली. स्प्रिंगांना पट्ट्या उचलायची ताकदच उरली नव्हती. जस्ताच्या बॉडीवर खाऱ्या हवेचा पांढरा थर वेगळाच. कुलपात तेल नको, ग्रॅफाइटची कोरडी पूड घाला, हे मी काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

उस्तादांनी ते सगळं कापडावर मांडलं आणि कंपनीच्या साहेबांना ऑफिसच्या कपाटातली मूळ चावी आणायला सांगितली. दोन्ही चाव्या शेजारी ठेवल्या. चाचांना दिलेली चावी नकलेची नक्कल, दाते गुळगुळीत झालेले. पण ती सरळ होती. ‘‘जोर लगाया होता तो चाबी मुड़ी होती, साहब,’’ एवढंच ते म्हणाले. मूळ चावी मात्र इतकी वर्षं कपाटात नवीकोरी पडून होती.

ज्याच्या हातात वस्तू बिघडते त्यानंच ती बिघडवली, असं ठरवणं फार सोपं असतं, आणि परमुलखात कागदांवर टिकून असलेल्या माणसाला उलट बोलणं फार अवघड. म्हणून मी जुना बॅरल कधी लगेच फेकू देत नाही.

नवीन बॅरल बसला, जुन्या चावीतली चिप नव्या चावीच्या मुठीत घातली, बॅटरी जोडली. हवा भरायला वेळ लागला. पगारातून काहीही कापलं जाणार नाही, असं साहेबांनी तिथेच चाचांसमोर सांगितलं. नंतर त्या कंपनीच्या बाकीच्या गाड्यांच्या मूळ चाव्याही आमच्याकडे आल्या, त्यांवरून नव्या कापून घ्यायला.