मन एका वेळी किती ठिकाणी असतं?

शिरूर-दौंडकडच्या गावांत हरिनाम सप्ताह बसला की सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण आणि रात्री कीर्तन. अभंगाची फोड करता करता बुवा मनावर येतातच: ते कुठं धावतं, कशानं आवरतं. याच मनाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्राचा जन्म १८७९ साली लायप्झिगमध्ये, विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत झाला, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. प्रयोगशाळेपुरतं ते खरं आहे. प्रश्न मात्र फार जुने आहेत, आणि मराठीतही ते बारकाईनं मांडले गेले आहेत.

दासबोधाच्या सतराव्या दशकात समर्थ रामदासांनी अंतःकरणपंचक सांगितलं आहे. नुसतं स्फुरण ते अंतःकरण, होय-नव्हे करतं ते मन, निश्चय करते ती बुद्धी, त्याचं चिंतन करतं ते चित्त आणि ‘मी केलं’ म्हणतो तो अहंकार. निर्णयाची एकेक पायरी अशी सुटी करून दाखवायला स्वतःच्या आत फार वेळ पाहावं लागतं. त्याच्या कितीतरी आधी पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती मोजल्या, त्यांत झोपही धरली. मला हे धाडस वाटतं.

पण सगळ्यांत देखणा युक्तिवाद नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा. डोळे, कान, नाक एकाच वेळी उघडे असतात, तरी दोन ज्ञानं एका क्षणी उमटत नाहीत. म्हणून इंद्रियांशी पाळीपाळीनं जोडलं जाणारं मन मानायला हवं, आणि ते अणूएवढं असायला हवं. यावर हरकत आली ती फराळाच्या ताटातली. लांब, कुरकुरीत शष्कुली, आपल्या चकलीच्या जातीची, खाताना रंग, वास, चव, स्पर्श आणि कुडुम आवाज हे सगळं एकदम कळतं की! नैयायिक म्हणाले, एकदम नव्हे, अतिवेगानं एकामागून एक. कमळाच्या शंभर पाकळ्यांच्या चळतीत सुई खुपसली तर सगळ्या एकदम भेदल्यासारख्या वाटतात, तसं. सांख्य-योगवाल्यांनी मन अणू मानलंच नाही.

वुंट यांनी १८६१ साली हाच प्रश्न लंबकाला विचारला. घंटेचा टोला पडला तेव्हा लंबक नेमका कुठं होता? पाहणाऱ्याला तो खऱ्या जागेपेक्षा वेगळीकडे दिसे. वुंट यांचाही निष्कर्ष तोच: नजर आणि कान यांच्याकडे एका क्षणी लक्ष देता येत नाही. फरक एवढाच, की आता ती चूक मोजता येत होती, दुसऱ्यालाही पडताळता येत होती. हा फरक लहान नाही.

वाद मात्र मिटला नाही. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ साली लक्षाला अरुंद वाट मानलं, तर डॅनियल कानेमान यांनी १९७३ साली ते वाटून देता येणारं मर्यादित बळ मानलं. अणुवादी आणि त्यांचे विरोधक, दोघांनाही आज प्रयोगशाळांत वकील मिळालेले आहेत.