परदेशाचा पैरा

मृगाचा पाऊस गगनबावड्याच्या माथ्यावर एकदां बसला म्हणजे उठण्याचें नांव घेत नाहीं. करूळ आणि भुईबावडा या दोन्ही घाटांतून ढग वर चढतात, गगनगड दिसेनासा होतो, आणि कुंभीच्या खोऱ्यांतील भातखाचरें तुडुंब भरतात. तरवा लावणीस आला कीं दिवस थोडे आणि हातही थोडे, अशी घरोघरची अडचण. तींतून वाट काढण्यासाठीं आपल्या वाडवडिलांनीं पैऱ्याची रीत घालून दिली. आज चार घरचीं माणसें माझ्या खाचरांत, उद्यां माझ्या घरचीं माणसें त्यांच्या खाचरांत. यांत रोख पैसा नाहीं, लिहून ठेवलेला करार नाहीं. परंतु पैरा बुडविणाऱ्याची गांवांत काय किंमत राहते, हें वाचकांस सांगावयास नको. शिवाय, दुसऱ्याच्या खाचरांत राबून आलेलें माणूस रिकामें परत येत नाहीं. तेथील चिखलणी कशी होती, बियाणें कोणतें होतें, बांध कसा घातला होता, हें सर्व तें डोळ्यांनीं पाहून येतें.

हें सांगण्यास कारण घडलें तें असें. गेल्या वैशाखांत आमच्या शेजारचे एक वयस्क शेतकरी सकाळींच घरीं आले. त्यांचा मुलगा शेतकी महाविद्यालयांत शिकत होता. त्यास परदेशांतील एका गोठ्यावर वर्षभर काम करीत शिकण्याचें बोलावणें आलें होतें. कागद पुढें ठेवून ते म्हणाले, "ह्यातलं इंग्रजी मला कळत नाही. पोरगं गेलं तर परत येईल का, एवढंच सांगा." त्यांची भीति पोकळ नव्हती. त्यांचे थोरले बंधु तरुणपणीं मुंबईस गिरणींत गेले होते. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि आमच्या बाजूचीं कितीएक माणसें उमेदीचीं वर्षें तेथें घालवून वळकटी घेऊन परत आलीं. त्यांत तेही होते. गांव सोडून गेलेल्याचें काय होतें, याचा त्या घरास अनुभव होता.

आज ना उद्यां हा प्रश्न आपल्या सभासदांपैकीं अनेकांच्या उंबऱ्यावर येणार आहे. म्हणून त्याविषयीं जें आम्हांस सुचलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शिकण्यासाठीं दुसऱ्याच्या शेतावर राबणें निराळें, आणि केवळ मजुरीस जाणें निराळें. डेन्मार्कांत शेतकी शाळेचा विद्यार्थी कांहीं काळ वर्गांत आणि कांहीं काळ परक्या शेतकऱ्याच्या शेतावर काढतो. दोन्ही मिळूनच तेथें शिक्षण पुरें होतें. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठानें परदेशच्या शेतकी विद्यार्थ्यांना तेथील शेतकऱ्यांकडे राहून काम शिकतां यावें, अशी योजना १९४९ मध्यें सुरू केली. आपल्याकडेही शेतकी पदवीच्या अखेरच्या वर्षीं विद्यार्थी खेड्यांत राहून कार्यानुभव घेतात. तत्त्व एकच आहे. पुस्तकांत गाईचे रोग वाचणें आणि भल्या पहांटे कासेस हात लावून गाईचें दुखणें ओळखणें, या दोहोंमधील अंतर पायानेंच तोडावें लागतें.

या वाटेनें आपल्यांतलेंच एक माणूस शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वीं चालून गेलेलें आहे. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जपानमार्गें अमेरिकेस गेले. घरून पैसा येण्याची सोय नव्हती. मिळेल तें अंगमेहनतीचें काम करीत ऑरेगॉन व वॉशिंग्टन या पश्चिमेकडील राज्यांतील शेतकी महाविद्यालयांत त्यांनीं शिक्षण घेतलें. शेतांत आणि लांकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी कामकऱ्यांशीं त्यांचा संबंध तेथेंच आला, आणि १९१३ मध्यें उभ्या राहिलेल्या गदर चळवळींत ते आघाडीवर राहिले. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ते इराणांत इंग्रजांविरुद्ध लढले. अर्थात् इंग्रजी अंमल असेपर्यंत मायदेशाचें दार त्यांना बंद झालें.

१९२४ मध्यें खानखोजे मेक्सिकोस पोंचले आणि पुढें चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत अध्यापक झाले. मक्याच्या सुधारलेल्या जाती तयार करण्याचें त्यांचें काम विशेष नांवाजलें गेलें. शेतकऱ्यांसाठीं तेथें ज्या मुक्त शेतकी शाळा निघाल्या, त्यांतही त्यांचा पुढाकार होता. टीना मोडोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकार बाईंनीं त्यांच्या मक्याच्या कणसांचीं छायाचित्रें घेतलेलीं आहेत. येथें थोडें थांबून विचार करावा. मका हें मूळचें मेक्सिकोचेंच धान्य. हजारों वर्षें ज्या लोकांची रोजची भाकरी मक्याची, त्यांस एका वऱ्हाडच्या शेजारच्या माणसानें मक्याविषयीं कांहीं सांगावें, आणि त्यांनीं तें ऐकावें, हें नुसत्या पदवीच्या बळावर होत नाहीं. त्यासाठीं त्यांची भाषा बोलावी लागते, त्यांच्या चुलीपाशीं बसावें लागतें, आणि त्यांच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास जें ठाऊक आहे तें आधीं शिकून घ्यावें लागतें. स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशीं परत आले आणि १९६७ मध्यें नागपुरास त्यांचा अंत झाला. शिकले अमेरिकेंत, आणि पीक आलें मेक्सिकोंत. त्यांनीं आपला पैरा बुडविला असें कोणीही म्हणणार नाहीं. फेडण्याची वाटच परसत्तेनें अडविली होती.

परंतु वाट नेहमी परकेच अडवितात असें नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्यें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. तो पाळण्यासाठीं १९१७ मध्यें ते बडोद्यास हजर झाले. तेथें कचेरींतील शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून टाकीत, आणि राहावयास शहरांत जागा मिळेना. अखेर त्यांना बडोदें सोडावें लागलें. त्यानंतर १९१८ मध्यें त्यांनीं हिंदुस्थानांतील लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. नुसते तुकडे जोडून भागणार नाहीं. शेतीवर पडलेला माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळल्याविना शेतकरी सावरणार नाहीं, असें त्यांत त्यांनीं दाखवून दिलें. गुंठ्यागुंठ्यांवर संसार करणाऱ्या आमच्या तालुक्यानें तो विचार आजही करण्याजोगा आहे. १९२० च्या मार्चांत आपल्याच जिल्ह्यांतील माणगांवच्या परिषदेंत छत्रपति शाहू महाराजांनीं या विद्वानाचा भर सभेंत गौरव केला. एके ठिकाणीं फेड करण्यास आलेल्यास बांधावर उभें राहूं दिलें नाहीं, दुसऱ्या ठिकाणीं त्यास हातीं धरून पुढें बसविलें. "पोरगं परत येईल का," या प्रश्नाचें अर्धें उत्तर मुलापाशीं असतें. उरलेलें अर्धें, परत आल्यावर आपण त्यास कसें वागवूं, यांत असतें.

आतां परक्या घरीं राहून काय शिकावयाचें, तें पाहूं. यंत्रें तर दिसतातच; तीं चित्रांतही दिसतात. पाहावयाचें तें माणसांचें वागणें. तिकडे बहुतेक ठिकाणीं गोठ्याचा धनी स्वतः शेण काढतो, आणि कामकऱ्याबरोबर एकाच मेजावर जेवतो. आमच्या मुलास हें पाहून प्रथम अवघडल्यासारखें होईल. कारण आमच्याकडे लावणीच्या चिखलांत दिवसभर वांकून राबते ती आई आणि बहीण, आणि शेतकीची पदवी घेणारा मुलगा बांधावर छत्री धरून उभा असतो. परदेशांत वर्षभर शेण काढून आलेल्या मुलास हा बांध पुनः पूर्वीसारखा दिसणार नाहीं, अशी आमची आशा आहे. दुसरें शिकावयाचें तें टिपण. कोणत्या गाईनें किती दूध दिलें, कोणत्या दिवशीं किती चारा गेला, हें लिहिल्यावांचून तेथें काम पुरें झालें असें मानीत नाहींत.

तथापि डोळे दिपवून घेऊं नयेत. तेथेंही लहान शेतकऱ्यांचीं शेतें मोठ्यांच्या पोटांत जात आहेत, तेथेंही कर्जाचा भार आहे, आणि तेथेंही शेतकऱ्यांचीं मुलें शहराकडे जातात. म्हणून तर कित्येक ठिकाणीं परदेशच्या हातांची गरज पडते. हें समजून गेलेला मुलगा दीन होऊन राहणार नाहीं. त्यानें आपल्याकडचेंही कांहीं त्यांस सांगावें. नाचणीची भाकरी कशी थापतात, इरलें कसें विणतात, बेंदरास बैलाचीं शिंगें कां रंगवितात, हें तिकडील मुलें आवडीनें ऐकतील. एकानेंच द्यावें आणि दुसऱ्यानें घ्यावें, त्यास पैरा म्हणत नाहींत.

धोक्याची गोष्टही लपवून ठेवणें बरें नाहीं. २०२३ च्या ७ ऑक्टोबर रोजीं इस्राएलच्या दक्षिण भागांतील अलुमीम या वसाहतीवर हल्ला झाला. त्यांत काम करीत शिकण्यासाठीं आलेले दहा नेपाळी कृषिविद्यार्थी मारले गेले. तीं मुलेंही शिकण्यासाठींच घर सोडून गेलीं होतीं. म्हणून देश कोणता, तेथें शांतता आहे कीं नाहीं, हें पाहणें बापाचें पहिलें काम. बोलावणें मुलाच्या महाविद्यालयामार्फत आलें आहे कीं गांवोगांव फिरणाऱ्या दलालामार्फत, हें पाहावें. करारांत कामाचे तास, सुटीचा वार, वेतन, राहण्याजेवणाची कपात आणि आजारपणाचा विमा यांचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि तो करार घरांतील सर्वांस मराठींत वाचून दाखवावा. पारपत्र मुलानें स्वतःजवळच ठेवावें. धन्यानें मागितलें तरी देऊं नये. आपल्या वकिलातीचा पत्ता व दूरध्वनि मुलापाशीं आणि घरीं, दोन्हीकडे लिहिलेला असावा. आणि या कामासाठीं भाताचें खाचर गहाण टाकूं नये. ज्या शिक्षणासाठीं जमीन जाते, तें शिक्षण परत येऊन कोणत्या जमिनीवर उपयोगीं आणावयाचें?

परततांना त्यानें काय आणावें, हेंही सांगितलें पाहिजे. पिशवींत लपवून बियाणें अगर रोपें आणूं नयेत. परदेशच्या बियाण्याबरोबर कीड व रोग येतात. म्हणून २००३ च्या वनस्पति संगरोध आदेशान्वयें परवान्यावांचून तीं आणण्यास बंदी आहे. रीत मात्र खुशाल आणावी. आमच्या वडीलधाऱ्यांस जपानी भातशेतीची मोहीम आठवत असेल. मुंबईच्या बोरिवली येथील कोरा केंद्रांत त्या पद्धतीचा प्रयोग झाला, आणि १९५३ मध्यें तिचा देशभर प्रसार हातीं घेण्यांत आला. गादीवाफ्यावर थोडें बीं पेरणें, ओळींत अंतर राखून लावण करणें आणि भरपूर खत देणें, असें तिचें स्वरूप होतें. सर्वांनीं ती जशीच्या तशी उचलली नाहीं. परंतु आमच्यासारख्या अतिवृष्टीच्या मुलखांत गादीवाफ्यावरील पाणी निघून जातें आणि रोप कुजत नाहीं, हें ज्यांस पटलें त्यांनीं तेवढें ठेवलें. बाहेरची रीत आपल्या मातींत अशीच रुजते: जी पटते ती राहते, बाकीची गळून पडते.

म्हणून आमची संघाच्या सभासदांस एक विनंति आहे. ज्याच्या घरचा मुलगा अगर मुलगी अशी परत येईल, त्यानें आपल्या रानांतील दहा गुंठे त्यांच्या स्वाधीन करावे, आणि दोन हंगाम त्यांत ढवळाढवळ करूं नये. पीक बुडालें तर दहा गुंठ्यांचें बुडेल. साधलें तर साऱ्या शिवाराचें साधेल. आणि त्या मुलांनींही पहिल्याच दिवशीं बापाच्या शेतीस नांवें ठेवूं नयेत. आधीं एक लावण आईबरोबर चिखलांत उभें राहून करावी, मग बोलावें.

हें सर्व त्या सकाळीं आम्हीं शेजाऱ्यांस सांगितलें. करार दोनदां मराठींत वाचून दाखविला. ते बराच वेळ गप्प बसले, आणि कागद घडी घालून घेऊन गेले. मृगापूर्वीं मुलगा गेला. यंदाच्या लावणींत त्यांच्या घरचा एक हात कमी पडला. तो आम्हीं चार घरांनीं भरून काढला. शेवटचें खाचर लावून झाल्यावर बांधावर हात धुतांना ते म्हणाले, "ह्यो पैरा माझ्या नावावर नको. त्याच्या नावावर लिहून ठेवा."

पैरा कधीं लिहून ठेवीत नाहींत. परंतु हा आम्हीं लिहून ठेवला आहे.